कान, मान, पाय

ट्रिपल टू बंदुकीची गोळी करंगळीच्या नखापेक्षा मोठी नसते. शहरातून येणारे हौशी शिकारी भल्याथोरल्या बंदुका खांद्याला लावून येतात, आमच्या हातातलं हे हलकं हत्यार बघून हसतात, 'काका, ससे मारायला निघालात का?' असं विचारतात, आणि तीन दिवसांनी तोंड पाडून रिकाम्या हातांनी परत जातात. त्यांना वायकुराचं रान ठाऊक नसतं. इथे तावाच्या उंच झाडांखाली माणसाच्या छातीला लागतील एवढे नेचे, नेच्यांतून वर चढणाऱ्या काळ्या चिवट वेली, वेलींवर शेवाळ, आणि त्या सगळ्या ओल्या गिचमिडीत पंचवीस-तीस पावलांपलीकडचं काही दिसत नाही. एवढ्या जवळून हरणाला तोफ लागत नाही, लहानशी गोळी पुरते. फक्त ती कुठे घालायची हे नीट दिसावं लागतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आम्हाला हे कोरोंनी शिकवलं. कोरो म्हणजे माझ्या मेव्हण्याचे, होहेपाचे वडील. सगळं गाव त्यांना कोरो, आजोबा, म्हणायचं, अगदी त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. चाप ओढण्याआधी चार गोष्टी मोजायच्या, त्याही मनात नाही, ओठांनी: कान, मान, पाय, डोळा. क्रम बदलायचा नाही आणि डोळा शेवटी. पहिले तीन दिसले आणि डोळा दिसला नाही तर बंदूक खाली, मग समोर जनावर आहे याबद्दल कितीही खात्री असो. "पानाचा कान होतो, खोडाची मान होते, फांदीचा पाय होतो," ते म्हणायचे, "डोळा मात्र कशाचाच होत नाही." आमच्या खोऱ्यात माणसाला हरीण समजून गोळी घातल्याची गोष्ट दर पिढीत एकदा तरी घडलेली आहे. कोरोंच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी मात्र कुणाच्या हातून ती घडली नव्हती. आणि त्यांचा शेवटचा नियम असा, की ज्या दिवशी चार मोजता येणार नाहीत त्या दिवशी बंदूक दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि आपण घरी बसून बटाटे सोलायचे.

तो दिवस माझ्यासाठी येऊन गेला होता, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये तालुक्याच्या गावी डॉक्टरने माझ्या उजव्या डोळ्यात प्रकाश मारून पाहिला आणि मोतीबिंदू बराच पिकल्याचं सांगितलं. त्याने न सांगताही मला ते कळलेलंच होतं. दिव्याभोवती वर्षभर केस पिंजारल्यासारखा उजेड दिसत होता आणि समोरच्या प्रत्येक वस्तूवर कुठेतरी एक पांढुरका ठिपका बसलेला असायचा. पण मी अठ्ठावन्न वर्षांचा, बायको नाही, मूल नाही. रान काढून घेतलं तर माझ्याजवळ उरणार काय? शस्त्रक्रियेसाठी नाव लावून मी गप्प बसलो. शिवाय मे महिन्यात कोरोंना जाऊन वर्ष होत होतं. आमच्याकडच्या रितीप्रमाणे त्यांच्या थडग्यावरच्या नव्या दगडावरचं कापड त्या दिवशी काढायचं होतं, दीडशे माणूस जेवायला येणार होतं, आणि त्या जेवणाला वायकुराचं हरीण नसणं म्हणजे म्हाताऱ्याचा अपमान. मला पोटच्या पोरासारखं रानात नेणाऱ्या माणसाच्या जेवणाला मी हात हलवत जाणार नव्हतो.

म्हणून होहेपा आणि मी चार दिवसांसाठी वर झोपडीत आलो. होहेपा माझ्या धाकट्या बहिणीचा, रोवेनाचा नवरा. लग्नाच्या आधीपासूनचा दोस्त, त्यामुळे मेव्हणेपणाचा मान असा तो मला कधी देत नाही. 'मेव्हणे' म्हणतो ते फक्त टोपी उडवायची असली की.

पहिल्या संध्याकाळी चहा पिताना मी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "उद्या पिपीला मी नेऊ का?"

पिपी त्याची कुत्री. आखूड पायांची, कानाला फाटकी, दिसायला कुणी फुकट घेणार नाही अशी. पण वाऱ्यावर हरणाचा वास आला की ती जागच्या जागी ताठ व्हायची, पुढचा उजवा पाय उचलायची आणि नाकाने दिशा दाखवायची. सहा वर्षांत ती डुकराकडे बघून अशी उभी राहिली नव्हती, मेंढीकडे नाही, माणसाकडे तर नाहीच नाही.

"का? तुझं नाक गळतंय का?" होहेपा म्हणाला.

"म्हातारा झालो. वाटून घेऊ म्हटलं."

"घेऊन जा. पण तिच्यासमोर गुडघ्यावर बसू नकोस, तिला वाटेल मेव्हणे प्रार्थनेला बसले." तो नेहमीचाच टोमणा होता. होहेपा झाडाला खांदा टेकवून उभ्यानं गोळी झाडतो. माझा हात थरथरायला लागल्यापासून मी डावा गुडघा जमिनीला टेकवतो आणि उजव्यावर कोपर ठेवतो. आमच्या खोऱ्यात दुसरं कुणी तसं बसत नाही.

सकाळी आम्ही रान वाटून घेतलं. ओढ्याच्या डाव्या अंगाचं माझं, उजव्या अंगाचं त्याचं, आणि काहीही झालं तरी ओढा ओलांडून दुसऱ्याच्या रानात जायचं नाही; हाही कोरोंचाच नियम. दोघांच्या अंगावर झगझगीत केशरी कोट. रोवेनाने दिलेले तळलेले पाव, मधे घट्ट साखरेचा पाक भरलेले, प्रत्येकाला दोन दिवसांचे मिळून चार असे आम्ही वाटून घेतले. मी त्या दिवसासाठी दोन घेतले, त्यातला एक चालता चालताच खाल्ला आणि दुसरा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

दुपारी तीनच्या सुमारास पिपी उभी राहिली.

आम्ही एका कुजलेल्या आडव्या ओंडक्यापाशी पोचलो होतो. वारा समोरून होता. तिचा पाय उचललेला, नाक सरळ रेषेत, आणि पाठीवरचे केस मात्र उभे राहिलेले, जे एरवी राहत नसत. हे मला दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं मी नंतर स्वतःला कितीदा सांगितलं, पण दिसलं होतं. मी गुडघा टेकवला. समोर, तीसेक पावलांवर, नेच्यांच्या मागे काहीतरी तपकिरी होतं. मग आवाज आला, एकदाच, खोकल्यासारखा, भुंकल्यासारखा. मादी दचकली की देते तसा. शंकेला जागाच उरली नाही. माझे ओठ आपोआप हलले. कान. टोकदार, वर उभा. मान. पाय, पुढचा, नेच्यांच्या दोन पानांमध्ये. आणि मग त्या कानाची जागा हलली, तो मागे पडला, आणि तिने तोंड माझ्याकडे वळवलं. जिथे डोळा असायला हवा तिथे मला एक पांढुरका ठिपका दिसला. तो ठिपका माझ्याच डोळ्यातला आहे असं मी धरून चाललो.

ट्रिपल टूचा आवाज मोठा नसतो, वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तेवढाच. पलीकडे काहीतरी पडलं, पिठाचं पोतं टाकल्यासारखं.

गोळी झाडली की पिपी धावत पुढे जाते आणि पडलेल्या जनावराशेजारी जाऊन बसते. त्या दिवशी ती गेली नाही. माझ्यापासून दोन पावलं मागे सरली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला शिव्या घातल्या आणि एकटाच पुढे गेलो.

तिथे काही नव्हतं. रक्त नव्हतं, केस नव्हते, खुरांचा माग नव्हता. नेचे मात्र अंगाने दाबल्यासारखे चांगले हातभर बसलेले होते, आणि मी तळवा ठेवून पाहिला तर ते गरम होते. लहान गोळी लागलेलं जनावर रक्ताचा थेंब न सांडता अर्धा मैल जाऊ शकतं, हे मला माहीत आहे. पण त्या दाबल्या गेलेल्या नेच्यांत एक तळलेला पाव पडला होता. एकच घास घेतलेला. पाक अजून ओघळत होता. घासाच्या कडेला मधोमध एक बारीक पट्टी न तुटता तशीच राहिली होती.

 तसला पाव या रानात दोनच माणसांकडे होता. होहेपाने ओढा ओलांडला होता. इथे बसून तो खात होता. आणि मी तीनच मोजले होते. रानात हाका मारायच्या नसतात, पण मी मारली. "हेप्स!" माझा आवाज शेवाळाने गिळून टाकला. मी नेचे दोन्ही हातांनी बाजूला करत गोल गोल फिरलो, वेलींत अडकलो, पडलो. रोवेनाला काय सांगायचं याची वाक्यं डोक्यात तयार होऊ लागली होती, आणि प्रत्येक वाक्यात मी चार मोजलेले होते. तेवढ्यातही मी खोटं बोलत होतो, हे सांगायला मला लाज वाटते. पाव तिथेच टाकून मी झोपडीकडे पळालो. ओढ्यात पाय घसरून कमरेपर्यंत भिजलो, कोट चिखलाने भरला. पिपी माझ्या बरोबर नव्हती, माझ्या मागून, लांबून येत होती.

झोपडीच्या धुराड्यातून धूर येत होता. होहेपा दारात बसून बटाटे सोलत होता.

 मी पायरीवर बसलो आणि नुसता श्वास घेत राहिलो. एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला असेल असं वाटत नाही.

"गोळी ऐकली," तो म्हणाला. "काय मेव्हणे, लागली?"

"चुकली."

"चार मोजलेस ना?"

"मोजले की."

त्याने मान डोलावली. पिपी माझ्यापासून लांब वळसा घेऊन त्याच्याकडे गेली, त्याच्या मांडीला टेकली आणि वळली. मग तिचं अंग ताठ झालं. पुढचा उजवा पाय वर आला. नाक सरळ माझ्याकडे.

मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागे पटांगण होतं, लाकडं फोडायचा ओंडका होता, त्यापलीकडे रान. होहेपा हळूच उठला, बंदूक घेऊन झोपडीला वळसा घालून आला. "काही नाही," तो म्हणाला. कुत्रीचा पाय खाली आला नव्हता. मी उठून पाण्याच्या डब्याकडे गेलो तर तिचं नाक माझ्याबरोबर फिरलं.

"कपड्यांना वास असेल," मी म्हणालो, "जनावर जिथे बसलं होतं तिथे मी लोळलो ना."

"असेल."

जेवताना मी पावाचं विचारलं, अगदी आडवळणाने. त्याने आपले दोन्ही कधीच संपवले होते आणि ओढ्याच्या पाण्याला पायसुद्धा लावला नव्हता. तेव्हा मी माझी पिशवी उघडली. माझा दुसरा पाव कागदात जसाच्या तसा होता. दाराजवळच्या वहीत, जिथे झोपडीत येणारा प्रत्येक माणूस आपलं नाव आणि जायची दिशा लिहून ठेवतो, आमच्या आधी तीन आठवडे कुणाचं नाव नव्हतं. मी ते पान दोनदा पाहिलं. म्हणजे रानात तिसरा कुणी होता, न लिहिता आलेला, रोवेनाच्या हातचा पाव खाणारा. आणि त्याला माझी लहानशी गोळी लागलेली असू शकत होती. हा विचार मी चमच्याने ताटात ढवळत राहिलो.

"अरे, ते मीठ आहे," होहेपा म्हणाला.

मी खाली पाहिलं. बटाट्यांवर मिठाचा पांढरा थर होता, आणि माझ्या बोटांनाही लागलेला, आणि मी ती बोटं चोखत होतो. फार छान लागत होतं. "घाम खूप गेला आज," मी म्हणालो. तो हसला नाही. संध्याकाळभर तो माझ्याशी नीट बोलत होता, पण बघत होता माझ्या खांद्याकडे, नाहीतर कपाळाच्या वर. होहेपा माणसाच्या डोळ्यांत बघून बोलणारा माणूस आहे. मी मुद्दाम कंदील मधे ओढला, तर त्याने मान फिरवली.

"तुझ्या उजव्या डोळ्याला काय झालंय, डेस?" तो भिंतीकडे बघत म्हणाला.

हीच वेळ होती. त्याने मला नावाने हाक मारली होती, थट्टा न करता. मी सांगितलं असतं तर त्याने माझ्या हातातून बंदूक काढून घेतली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि सकाळी आम्ही दोघं मिळून त्या माणसाचा शोध घेतला असता. मला ते तेव्हाही कळत होतं.

"धूर गेलाय," मी म्हणालो.

"मग ठीक," तो म्हणाला. मग भिंतीकडेच बघत, "सकाळी एकदा ती जागा बघून ये. लागलेलं जनावर सोडायचं नसतं. मी येऊ का?"

"नको," मी इतक्या घाईने म्हणालो की कुत्रीने कान टवकारले.

सकाळी धुकं होतं. माझा केशरी कोट चुलीवर वाळत घातला होता, तो आतून अजून ठिबकत होता आणि त्याची एक बाही जळली होती. दारामागच्या खिळ्याला कोरोंचा जुना कोट होता, जाड लोकरीचा, तपकिरी, डोक्यावर ओढायच्या टोकदार टोपीसकट. वर्षभर तो तिथेच होता. ना कुणी घरी नेला, ना टाकून दिला. चूल पेटवताना ते तो घालायचे. रानात तपकिरी घालून कुणी जात नाही.

"तो नको घालू," होहेपा म्हणाला. "माझा घे."

"मग तू काय घालणार? ओढ्याच्या त्या बाजूला मी एकटाच आहे. मला मारायला कोण येतंय?"

 मी पिपीला शीळ घालायला गेलो. पण समोरचा वरचा दात पडल्यापासून माझी शीळ नुसती फुसकी निघते, म्हणून हाक मारली. ती फळकुटांना नखं रोवून बसली. मी तिचा पट्टा धरला तेव्हा ती गुरगुरली, माझ्यावर, ज्याने तिला बाटलीने दूध पाजलं होतं. "राहू दे, मी नेतो तिला," होहेपा म्हणाला, "माझ्या बाजूने. मी काही ओढा ओलांडायचो नाही." मग माझ्या मागून पायरीपर्यंत येऊन त्याने पुन्हा तेच विचारलं, "डेस, चारही दिसले होते ना?"

"किती वेळा सांगू?" मी ओरडलो. मला रडू येईल की काय असं वाटलं.

बंदूक मी घेतली नाही. ती झोपडीत, खुंटीला तशीच राहिली. कोरोंच्या नियमाच्या एवढ्याच एका अर्ध्या भागाला मी त्या दिवशी जागलो.

जागा सापडायला वेळ लागला नाही. बसलेले नेचे तसेच होते. पाव नव्हता, उंदरांनी नेला असेल. मी तिथून गोल गोल फिरत शोधायला लागलो, आधी दहा पावलांच्या गोलात, मग वीस, मग पन्नास, कोरोंनी शिकवलं होतं तसं, प्रत्येक नेचा हाताने उचलून. रक्ताचा डाग शोधत होतो आणि सापडू नये म्हणून देवाची करुणा भाकत होतो. एक वाजला, दोन वाजले. धुकं उठलं आणि पुन्हा बसलं. एक विचित्र गोष्ट अशी, की मला रान इतकं जवळचं कधी वाटलं नव्हतं. पाय कुठे टाकायचा ते बघावं लागत नव्हतं, वेली अंगाला लागत नव्हत्या. कान मात्र सारखे मागे लागलेले. पान पडलं तरी, का भितोय हे कळायच्या आत, मी दोन उड्या बाजूला झालेलो असायचो.

तीन वाजायच्या सुमारास फिरून फिरून मी पुन्हा त्याच दाबलेल्या नेच्यांपाशी आलो. अंगात थंडी भरली होती, म्हणून कोटाची टोपी डोक्यावर ओढून घेतली. खाली बसलो. मी ज्याला शोधत होतो त्याला इथेच बसावंसं का वाटलं असेल, हे बसल्यावर कळलं. जागा चांगली होती, वारा पाठीवर, पुढे आडोसा. पिशवीतून कालचा उरलेला पाव काढला आणि एक घास घेतला.

तो गिळता गिळता माझी नजर हातातल्या पावावर गेली. पाक ओघळत होता. घासाच्या कडेला, मधोमध, जिथे माझा दात नाही तिथे, एक बारीक पट्टी न तुटता तशीच राहिली होती.

मी उभा राहिलो. पाव हातातून सुटला.

तीस पावलांवर, कालच्या त्या कुजलेल्या ओंडक्यापाशी, काहीतरी केशरी होतं. शेजारी कुत्री. ती ताठ उभी होती, उजवा पाय उचललेला, नाक सरळ माझ्याकडे, आणि एवढ्या लांबून, असल्या डोळ्यांनीसुद्धा मला तिच्या पाठीवरचे उभे राहिलेले केस दिसले. होहेपाने ओढा ओलांडलाय, मी स्वतःला म्हणालो. माझी काळजी वाटून आलाय बिचारा. मी त्याला हाक मारली, एकदाच. जो आवाज निघाला तो ऐकून ओंडक्यापाशी बसलेल्या माणसाने बंदूक खांद्याला लावली.

तरी मला तितकी भीती वाटली नाही. होहेपाने आयुष्यात कधी तीनवर चाप ओढलेला नाही. तो मोजेल, चौथ्याला थांबेल, बंदूक खाली घेईल, आणि मग जन्मभर मला या कोटावरून बोलत राहील. मला त्याचे ओठ हललेले दिसले. कान. मी अजिबात हललो नाही. मान. मग धुक्याचा एक पदर सरकला आणि तो कसा बसलाय ते मला दिसलं. डावा गुडघा जमिनीला टेकवून, उजव्यावर कोपर ठेवून.

पाय, ते ओठ म्हणाले, आणि मिटले.

मी डोक्यावरची टोपी मागे सारली, तोंड त्याच्याकडे वळवलं, आणि त्याला दिसावेत म्हणून माझे डोळे, जितके उघडता येतील तितके, उघडे धरले.